नाव बदलायचं की फक्त पाटी? छोट्या व्यवसायाच्या रिब्रँडिंगबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षांपूर्वी कॉम्प्युटर दुरुस्तीपासून सुरुवात केली, म्हणून व्यवसायाच्या नावात आधी तुमचं स्वतःचं नाव आणि पुढे ‘कॉम्प्युटर रिपेअर’ आहे. आज पाच माणसं कामाला आहेत आणि तीन चतुर्थांश उत्पन्न ऑफिसांमध्ये सीसीटीव्ही आणि नेटवर्क बसवण्यातून येतं. डिझायनरने तीन नवे लोगो पाठवलेत. त्यातला कुठला घ्यावा, नावही बदलावं का, आणि बदललं तर जुनी गिऱ्हाइकं तुटतील का, असं तुम्ही विचारताय.

ते तीन लोगो सध्या बाजूला ठेवा. वाईट आहेत म्हणून नाही, त्यांची वेळ अजून आलेली नाही म्हणून. आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. लोकांच्या डोक्यात तुमची ओळख नेमकी कशाला चिकटली आहे? आणि ती ओळख आज तुमच्याबद्दल जे सांगते, ते खरं आहे का? पहिल्याचं उत्तर मिळालं की कशाला हात लावायचा नाही ते कळतं, दुसऱ्याचं मिळालं की काय बदलायचं ते. लोगो निवडून सुरुवात केली की हे दोन्ही प्रश्न विचारायचे राहून जातात.

ओळख कशाला चिकटलेली असते हे बाहेरून ओळखणं मोठ्या कंपन्यांनाही जमत नाही. ट्रॉपिकानाने २००९ च्या जानेवारीत अमेरिकेत ज्यूसचं पाकीट बदललं आणि संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं जुनं चित्र काढून टाकलं. आतला ज्यूस तोच होता. साधारण दोन महिन्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि जुनं पाकीट परत आणावं लागलं. दुकानातल्या फळीसमोर उभं राहून लोक नाव वाचत नव्हते, ते चित्र शोधत होते. छोट्या व्यवसायात अशी खूण बहुतेकदा चित्रात नसते. ती फोन नंबरात असते, एखाद्या माणसाच्या नावात असते, गाडीच्या रंगात असते, कधी नुसती ‘कोपऱ्यावरचे ते’ इतकीच असते.

तुमची कुठे आहे हे शोधायला मी तीन कामं सांगतो. खर्च काही नाही, पण चार आठवडे लागतात आणि ते टाळता येत नाहीत.

पहिलं, गेल्या १२ महिन्यांची बिलं काढा आणि प्रत्येकापुढे दोन खुणा करा: काम कुठलं होतं, आणि गिऱ्हाईक आलं कसं. जुनंच होतं, कुणाच्या सांगण्यावरून आलं, की शोधून नव्याने आलं. ८० टक्के काम जुन्यांकडून आणि ओळखीतून येत असेल, तर नव्या नावाचा फायदा फक्त उरलेल्या २० टक्क्यांत मिळणार आहे आणि गोंधळ मात्र सगळ्यांच्या वाट्याला येणार आहे. हे गणित कागदावर मांडल्यावर बऱ्याच जणांचा नाव बदलण्याचा उत्साह निम्मा होतो, आणि ते बरंच असतं.

दुसरं, अलीकडच्या २० गिऱ्हाइकांना फोन करा आणि एकच विचारा: ‘आमच्याबद्दल दुसऱ्या कुणाला सांगायचं झालं तर काय म्हणून सांगाल?’ नवीन नाव कसं वाटतं, लोगो आवडला का, हे विचारू नका. आवडीनिवडीचा प्रश्न विचारला की प्रत्येकाला मत सुचतं आणि त्या मतांनी काही ठरत नाही. उत्तर आलं तसं, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. २० पैकी १५ जणांनी तुमचं नाव घेतलं आणि ‘कॉम्प्युटर रिपेअर’ कुणीच म्हटलं नाही, तर नावाचा कुठला भाग जिवंत आहे ते तुमच्यासमोर आहे.

तिसरं, फोनजवळ एक वही ठेवा आणि चार आठवडे येणारी प्रत्येक नवीन चौकशी नोंदवा. जे काम तुम्ही आता करत नाही किंवा करू इच्छित नाही, त्यासाठी किती फोन आले? माझा अंदाजपट्टा असा: दहात एकापेक्षा कमी असतील तर नावाला हात लावू नका. चारात एकापेक्षा जास्त असतील तर नाव चुकीचं सांगतंय. मधल्या पट्ट्यात असाल तर आधी वेबसाइटचं पहिलं वाक्य आणि पाटीवरची दुसरी ओळ बदलून पाहा. या वहीत एक गोष्ट मात्र येत नाही: जे फोन आलेच नाहीत ते. एखाद्या ऑफिसला ४० कॅमेरे बसवायचे आहेत, त्यांनी तुमचं नाव पाहिलं आणि ‘हे तर लॅपटॉप दुरुस्त करणारे’ म्हणून पान उलटलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यासाठी गेल्या वर्षभरात न मिळालेल्या चार-पाच मोठ्या कामांच्या लोकांना सरळ विचारा की आम्ही कमी कुठे पडलो. दर, वेळ, की एवढं मोठं काम झेपेल असं वाटलं नाही? तिसरं उत्तर पुन्हा पुन्हा आलं, तर तो ओळखीचा प्रश्न आहे. पहिली दोन आली तर रिब्रँडिंगने काही सुटणार नाही, आणि ते करण्यात गेलेले तीन महिने वाया जातील.

काही बाबतीत मात्र निवडीला जागाच नसते. नाव दुसऱ्याच्या नोंदणीकृत ट्रेडमार्कशी भिडत असेल, भागीदार वेगळा होऊन नावावर हक्क सांगत असेल, किंवा त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाची बदनामी तुम्हाला चिकटत असेल, तर वही-बिलं बाजूला ठेवा आणि बदला. अँडरसन कन्सल्टिंग या सल्लागार कंपनीला मूळच्या अँडरसन गटातून बाहेर पडताना जुनं नाव सोडावं लागलं आणि १ जानेवारी २००१ पासून ती ॲक्सेंचर झाली. सक्तीने झालेला बदलही तारीख ठरवून, नीट तयारी करून केला तर निभतो. उलट, सक्ती नसताना फक्त काळाबरोबर जायचं म्हणून केलेले बदल फसतात. ब्रिटनच्या टपाल खात्याच्या कंपनीने २००१ मध्ये कन्सिग्निया असं नाव घेतलं. लोकांना ना ते ओळखीचं वाटलं, ना त्यातून काही कळलं, आणि पुढच्याच वर्षी ते सोडून रॉयल मेल हे नाव घ्यायचं ठरलं.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मला तुमच्या नावात दोन वेगळे तुकडे दिसतात. तुमचं स्वतःचं नाव, ज्यात नऊ वर्षांचा विश्वास आहे, आणि ‘कॉम्प्युटर रिपेअर’, जे आज फक्त एक चतुर्थांश खरं आहे. वरच्या तीन कामांतून उलट काही निघालं नाही, तर अख्खं नाव टाकू नका. पहिला तुकडा ठेवा, दुसरा काढा आणि त्या जागी आजचं काम सांगणारी ओळ घाला: ‘ऑफिससाठी कॅमेरे आणि नेटवर्क’. ही ओळ नावाचा भाग करू नका, नावाखाली छोट्या अक्षरात ठेवा. पाच वर्षांनी काम पुन्हा बदललं तर ओळ बदलेल, नाव नाही. नावात काम कोंबल्यामुळेच तर आज ही वेळ आली आहे.

या सल्ल्याला एक अपवाद आहे. पुढच्या काही वर्षांत व्यवसाय विकायचा किंवा दुसऱ्याच्या हाती द्यायचा विचार असेल, तर मालकाच्या नावावर चालणारा व्यवसाय घेणाऱ्याला जड जातो. तो माणूस गेल्यावर नावाला अर्थ काय, असं त्याला वाटतं. तसं असेल तर पूर्ण नवीन नाव आत्ताच घ्या, म्हणजे विकायच्या वेळी त्या नव्या नावालाही काही वर्षांची ओळख झालेली असेल.

नवीन नाव घ्यायचंच ठरलं, तर तीन गोष्टी तपासा. एक, फोनवर टिकतं का? दहा जणांना फोनवरून नाव एकदाच सांगा आणि लिहून पाठवायला सांगा. तिघांपेक्षा जास्त जणांनी स्पेलिंग चुकवलं तर ते नाव सोडा, कारण ईमेलचा पत्ता सांगताना हीच अडचण रोज येणार आहे. दुसऱ्या दिवशी त्याच दहा जणांना विचारा की कालचं नाव आठवतंय का. दोन, ट्रेडमार्क. जगभर वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. तुमच्या कामाला लागू होणारे बघा: बसवणं आणि दुरुस्ती ३७ मध्ये येतं, आणि स्वतःच्या नावाने कॅमेरे विकणार असाल तर उपकरणं ९ मध्ये. आपल्या देशाच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या यादीत शोधा, आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्येही शोधा, तो मोफत आहे. तंतोतंत तेच नाव नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. कानाला सारखं वाटणारं नावही अडचण करतं. शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा. तीन, नाव जितकं कामाचं वर्णन करणारं, तितकं ते स्वतःचं म्हणून राखणं अवघड. ‘बेस्ट कॅमेरा सर्व्हिस’ कुणीही म्हणू शकतं, त्यावर हक्क मिळत नाही. कोडॅक हा शब्द १८८८ मध्ये ट्रेडमार्क झाला, तेव्हा त्याला काहीच अर्थ नव्हता आणि तीच त्याची ताकद होती. अर्थात बनवलेल्या शब्दात अर्थ भरायला वेळ आणि जाहिरात लागते, म्हणून छोट्या व्यवसायाला मी सहसा खरा पण कामाशी थेट संबंध नसलेला शब्द सुचवतो.

व्यवहारातलं नाव बदलणं आणि कायद्यातलं नाव बदलणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात घ्या. बऱ्याच देशांत नोंदणीकृत नाव जुनंच ठेवून व्यवहारात दुसरं नाव वापरता येतं, फक्त बिलावर दोन्ही लिहावी लागतात. नियम जागोजागी वेगळे आहेत, तुमच्या हिशेबनीसाला विचारा. पण नोंदणीकृत नाव बदललंत तर बँक खातं, विमा, कर नोंदणी, चालू करार आणि दिलेल्या वॉरंट्या यांची साखळी सुरू होते. विमा जुन्या नावावर आणि काम नव्या नावावर, या फटीत दावा अडकू शकतो. म्हणून विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर हातात येईपर्यंत नव्या नावाने काम घेऊ नका.

आता लोगो. त्या तिघांतला निवडण्याआधी प्रत्येक लोगो १६ बाय १६ पिक्सेलमध्ये मागवा. ब्राउझरच्या टॅबवर तो एवढाच दिसतो. त्या आकारात कॅमेऱ्याची भिंग, वायफायच्या लाटा आणि त्याभोवतीचं वर्तुळ असं सगळं असेल तर राखाडी ठिपका उरतो. मग एकाच रंगात, पांढऱ्यावर काळा, छापून बघा, कारण रबरी शिक्का आणि फोटोकॉपी तसंच करतात. मग शर्टावर भरतकाम करणाऱ्याला दाखवा. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं दोऱ्यात भरून जातात, आणि नावाखालची ती छोटी ओळ नेमकी तिथेच मरते. शर्टासाठी ती ओळ वगळलेलं रूप वेगळं हवं. पाटीसाठी जुना आडाखा असा की दर ३ मीटर अंतराला साधारण अडीच सेंटिमीटर उंचीचं अक्षर. रस्त्यापलीकडून, ३० मीटरवरून वाचायचं असेल तर २५ सेंटिमीटर. हा हिशेब केला की पाटीवर किती शब्द मावतात ते आपोआप ठरतं.

डिझायनरकडून घ्यायच्या गोष्टी करारातच लिहा: एसव्हीजी आणि पीडीएफ स्वरूपात व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी), ज्यात अक्षरं फॉन्टशिवायही तशीच दिसावीत म्हणून त्यांचे आकार केलेले आहेत, पारदर्शक पार्श्वभूमीचा पीएनजी, एकरंगी रूप, रंगांचे पडद्यासाठीचे, छपाईचे आणि पँटोनचे (ठरलेल्या रंगांच्या यादीतले) आकडे, फॉन्टचा परवाना कुणाच्या नावावर आहे ते, आणि हक्क तुमच्याकडे आल्याचं लेखी. पडद्यावर झळकणारा निळा-हिरवा छपाईत मळकट होतो, कारण चार शाईंच्या छपाईला तेवढी चमक गाठता येत नाही. गाडी, पाटी आणि कार्ड यांवर तीन वेगळे निळे दिसायला नको असतील तर पँटोनचा आकडा हवाच. जुन्या लोगोतला एक धागा, रंग किंवा अक्षराचं वळण, नव्यात ठेवा. तुमच्या गाडीचा रंग लोकांना ओळखीचा असेल तर तोच.

पैशाबद्दल एवढंच: डिझाइनवर एक भाग खर्च होणार असेल तर ते सगळीकडे लावायला किमान दोन भाग बाजूला ठेवा. बहुतेक जण उलट करतात. मग लोगो नवा, पाटी नवी आणि बिलावर दोन वर्षं जुनंच नाव, असं चित्र दिसतं. गिऱ्हाइकाला वाटतं दोन वेगळे व्यवसाय आहेत किंवा मालक बदललाय.

लावायच्या जागांची यादी आठवून करू नका. फोन घेऊन एक दिवस फिरा आणि जिथे जिथे तुमचं नाव दिसेल त्याचा फोटो काढा. बिलाचा नमुना, कोटेशन, शिक्का, ईमेलखालची सही, फोनवरचा रेकॉर्ड केलेला संदेश, पोहोच-पावती, नकाशावरची नोंद, पुरवठादाराच्या यादीतलं नाव. तुमच्या धंद्यात आणखी दोन जागा आहेत, त्या कुठल्याच तयार यादीत सापडणार नाहीत.

पहिली, गिऱ्हाइकाच्या ऑफिसात रेकॉर्डरच्या डब्यावर तुम्ही चिकटवलेला स्टिकर. कॅमेरा बंद पडतो तेव्हा माणूस टेबलाखाली वाकतो, धूळ पुसतो आणि त्या स्टिकरवरचा नंबर लावतो. नऊ वर्षांत असे किती डबे झाले असतील याचा विचार करा. ते सगळे एका दिवसात बदलणार नाहीत, म्हणून फोन नंबर कुठल्याही परिस्थितीत बदलू नका, आणि फोन उचलणाऱ्याने वर्षभर दोन्ही नावं घ्यावीत: ‘नमस्कार, अमुक, पूर्वीचे तमुक.’ स्टिकर प्रत्येक सर्व्हिस भेटीत बदला. वेगळी फेरी मारू नका.

दुसरी जागा जास्त धोक्याची आहे. कॅमेऱ्यांच्या ॲपची किती खाती तुमच्या जुन्या डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याच्या, ईमेलवर उघडलेली आहेत? पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच पत्त्यावर येते. नवीन वेबसाइट झाली म्हणून जुनं डोमेन नूतनीकरण न करता सोडून दिलं आणि ते तिऱ्हाइताने विकत घेतलं, तर तो तुमच्या जुन्या पत्त्यांवरचे ईमेल स्वीकारू शकतो, आणि तिथून गिऱ्हाइकाच्या ऑफिसमधल्या कॅमेऱ्यांपर्यंतची वाट मोकळी होते. म्हणून आधी खात्यांची यादी करून ती गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या ईमेलवर वळवा, आणि तरीही जुनं डोमेन निदान पाच वर्षं तुमच्याच ताब्यात ठेवा.

वेबसाइटचं डोमेन बदलणार असाल तर जुन्या प्रत्येक पानावरून नव्यातल्या त्याच विषयाच्या पानावर कायमचं, म्हणजे ३०१ प्रकारचं, रिडायरेक्ट लावा, जे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्यावर नेतं. सगळी पानं मुखपृष्ठावर ढकलणं ही नेहमीची चूक आहे, त्याने गूगलच्या शोधात कमावलेली जागा जाते. गूगल ही रिडायरेक्ट्स निदान एक वर्ष ठेवायला सांगतं. गूगलच्या सर्च कन्सोल या वेबसाइट-मालकांसाठीच्या सेवेतलं पत्ता बदलल्याचं साधनही वापरा. काही आठवडे क्रमवारी खालीवर होईल, घाबरून पुन्हा बदल करू नका. नकाशावरची नोंद नवीन उघडू नका, आहे त्यातच नाव बदला, म्हणजे अभिप्राय टिकतात. पुन्हा पडताळणी मागितली जाऊ शकते, म्हणून नव्या पाटीचा फोटो तयार ठेवा. तिथे पाटीवर आहे तेवढंच नाव लिहा. मागे ‘स्वस्त सीसीटीव्ही’ वगैरे शेपूट जोडणं नियमाविरुद्ध आहे. नव्या डोमेनवरून पहिल्याच दिवशी शेकडो ईमेल पाठवू नका. आधी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कच्या नोंदी (ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या) लावा आणि दोन-तीन आठवडे थोडे-थोडे पाठवत वाढवा, नाहीतर नाव बदलल्याची सूचनाच स्पॅममध्ये पडेल.

वेळापत्रक साधारण १० ते १२ आठवड्यांचं धरा: चार शोधाचे, तीन-चार नाव आणि डिझाइनचे, उरलेले छपाई आणि बदलाचे. बदलाचा दिवस मंदीच्या महिन्यात, आठवड्याच्या सुरुवातीला घ्या, म्हणजे काही मोडलं तर दुरुस्त करायला हातात दिवस असतात. त्याच महिन्यात दर वाढवू नका आणि माणसं बदलू नका. तिन्ही एकत्र दिसलं की लोक ‘विकलं वाटतं’ असा अर्थ लावतात.

सर्वांत आधी तुमच्या पाच माणसांना सांगा, बाहेर कळायच्या दोन आठवडे आधी, कारणासकट. ऑफिसात जाऊन प्रश्नांना तोंड देणारे तेच आहेत. मग मोठ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करा. बाकीच्यांना चार ओळींचा संदेश पुरतो: नाव बदललं, कारण काम बदललं, माणसं, नंबर आणि वॉरंटी तीच, लॅपटॉप दुरुस्ती अजून करतो किंवा अमुक तारखेपासून बंद, बिलावर आणि बँक खात्यात काय नाव दिसेल. शेवटचं विसरू नका. नव्या नावाने आलेलं बिल आणि वेगळ्या नावाचं खातं दिसलं की ऑफिसचा हिशेबनीस फसवणूक समजून पैसे थांबवतो, आणि त्याने तसंच करायला हवं.

सहा महिन्यांनी फोनजवळची वही पुन्हा चार आठवडे भरा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. चुकीचे फोन कमी झाले नसतील तर लोगोला दोष देण्याआधी बघा की जुनं ‘रिपेअर’ अजून कुठे शिल्लक आहे. बहुधा ते एखाद्या जुन्या यादीत किंवा नकाशावरच्या व्यवसायाच्या प्रकारात सापडेल, आणि तेवढी एक नोंद दुरुस्त करणं पुरेल.